कागद शाबूत, कोट गायब

१

"मेल्या!"

गरम खोलीचं दार उघडल्याबरोबर भट्टीच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द. व्हरांड्यातून चाललेले स्टोअरकाका दचकून थांबले. सकाळी सकाळी ही पोरगी शिव्या कुणाला देतेय, असं त्यांना वाटलं. पण शिवी नव्हती ती, बातमी होती.

संस्थेत तिला खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. साठ अंशांवर तापवलेल्या खोलीत दिवसभर ये-जा करायची आणि लालबुंद होऊन बाहेर यायचं, अशा बाईला भट्टी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? तिलाही ते नाव आवडायचं. तिचे जिवाणूच मुळी नवाबी थाटाचे होते. आपण जिथे भाजून निघू तिथे ते सुखाने नांदत आणि जरा गारवा लागला की हात-पाय आखडून बसत. खाणं मात्र साधं. पेंढा, पालापाचोळा, कापूस, कागद, म्हणजे ज्यात झाडाचं सेल्युलोज असेल ते सगळं. इतरांना पचता पचत नाही असलं ते चिवट अन्न भट्टीचे जिवाणू फस्त करून ढेकर देत.

हा ढेकर डोळ्यांनी दिसायचा, हे महत्त्वाचं. नळीत पाणी आणि फिल्टर पेपरची एक पट्टी घालायची, थेंबभर जिवाणू सोडायचे, घट्ट बूच लावून गरम खोलीत ठेवायचं. दोन-तीन दिवसांत पट्टीचा चोथा होई, पाणी पिवळं पडे आणि आतल्या वायूने रबरी बूच फुगून येई. भट्टीने तो प्रकार शेकडो वेळा पाहिला होता आणि दर वेळी तिला लहान मुलासारखा आनंद व्हायचा.

आज मात्र सगळ्या नळ्यांतल्या पट्ट्या नुकत्या कापल्यासारख्या ताठ उभ्या होत्या. पाणी नितळ. बुचं सपाट. तिने 'आई'कडे धाव घेतली. आई म्हणजे मोठी बाटली, जिच्यातून नळ्यांमध्ये जिवाणू सोडले जात, आणि म्हणून नळ्या या लेकी. आईच्या पोटातलीही पट्टी जशीच्या तशी होती.

उद्या तपासणी समिती येणार होती. जिवाणू कागद खाताना दिसले तर गरम खोली चालू राहणार, नाहीतर खोलीला कुलूप आणि जागा शेजारच्या थंड खोलीला. बरं, नवे जिवाणू आणावेत तर ते ज्या खताच्या ढिगात सापडले, तो इमारतीमागचा ढीग केव्हाच उचलून तिथे गाड्या लावायला फरशी घातली होती. या जातीचं सारं वंशवैभव या खोलीत होतं.

"काका, कुणीतरी माझ्या लेकी मारल्या हो," ती रडवेली होऊन म्हणाली.

काकांनी आत डोकावून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आधी शेजारच्या थंड खोलीतल्या थंडोबाचा कोट गेला, आता हे. पोरी, या इमारतीत कुणीतरी हात धुऊन मागे लागलंय."

२

भट्टीने आत्याला फोन केला. दुखलं-खुपलं तर लोक डॉक्टरला बोलावतात, भट्टीच्या घराण्यात आत्याला बोलावत.

आत्या विमा कंपनीत सर्व्हेअर होती. कुठे गोदामाला आग लागली की राखेत उभं राहून ती आपोआप लागली की लावली, हे सांगणं तिचं काम. निवृत्त झाली तरी नाक निवृत्त झालं नव्हतं. अंगाने ऐसपैस, पायात कॅनव्हासचे बूट, पर्समध्ये लिंबाच्या गोळ्या. तिच्यापुढे खोटं बोलणाऱ्याला आधी एक गोळी मिळे आणि मग घाम फुटे.

गरम खोलीत पाऊल टाकताच ती म्हणाली, "अगं बाई! इथे माणसाचे पापड होतील."

"आत्या, थट्टा नको. मला रडू येतंय."

"येऊ दे की. इथल्या इथे वाळेल." आत्याने गोळी पुढे केली. "आता सांग. मेल्याची खात्री काय?"

"सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. एकही हलत नाही. सगळे बीज धरून बसलेत."

"बीज म्हणजे?"

"संकट आलं, उपासमार झाली, की हे जिवाणू स्वतःभोवती कवच करून गपगार पडतात. कवचातला जिवंत आहे की मेला, ते बघून कळत नाही. खायला घातलं आणि उठला तर जिवंत."

"मग घाल की खायला."

"पट्टी आहे की समोर! भरल्या ताटावर बसून कुणी उपाशी मरतं का? विष घातलंय कुणीतरी."

आत्याने एक नळी उजेडात धरली, उलटसुलट केली, टिचकी मारली. पट्टी आत सरळच्या सरळ उभी. "कात्रीने कापलेली कड अजून धारदार आहे," ती पुटपुटली आणि नळी पदराने पुसून जागेवर ठेवली. मग कोपऱ्यातल्या झाकण अर्धवट सरकलेल्या स्टीलच्या पिंपाकडे तिने बोट केलं. "हे काय?"

"ती आजी. खताच्या ढिगातून आणलेलं पहिलं विरजण. नाना जातींचे जिवाणू, सगळी खिचडी. त्यातून निवडून निवडून मी आई तयार केली. महिनाभर तिच्याकडे बघितलेलं नाही. झाकण काढलं की असा वास सुटतो की नको ते."

"म्हातारी झाली की घरोघरी हेच," आत्या म्हणाली आणि एकदम वर बघत राहिली.

पिंपाच्या बरोबर वर, या नळापासून त्या नळापर्यंत, निळी नायलॉनची दोरी ताणून बांधली होती. दोरीवर कपड्याला लावायचा चिमटा एकटाच लोंबत होता.

"ही तुझी?"

भट्टी बघतच राहिली. खोली तिची, किल्ली तिची. दोरी मात्र तिने जन्मात पाहिली नव्हती.

३

किल्ल्या तीन होत्या. एक भट्टीकडे, एक स्टोअरकाकांकडे आणि एक, अडीअडचणीला असावी म्हणून, शेजारच्या थंडोबाकडे. त्यातच मधले काही दिवस भट्टी रजेवर होती, कारण तिच्या बहिणीला मुलगी झाली होती आणि मावशीशिवाय बाळाचं पान हलत नव्हतं. म्हणजे ज्याला जे करायचं त्याला मोकळं रान.

आत्या आधी संस्थाप्रमुखांकडे गेली. मोठ्या बाई त्यांचं नाव. मोठ्या बाई खुर्चीत रुतून बसल्या होत्या.

"मला विचाराल तर मलाच ही खोली बंद झालेली नकोय," त्या म्हणाल्या. "पण समितीच्या अध्यक्षबाई म्हणजे जिवंत कात्री. गेल्या वर्षी आमची दोन कामं छाटून गेल्या. उद्या ही पोरगी शाबूत कागद दाखवत उभी राहिली, तर मी तोंड उघडायचं कशाच्या जोरावर?" त्यांना बोलता बोलता ठसका लागला, पण लपवण्यासारखं काही त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

स्टोअरकाका खालच्या मजल्यावर आपल्या कपाटांच्या राज्यात बसले होते. सगळं कसं लखलखीत, डब्याला डबा चिकटलेला. काका दोन्ही हातांची बोटं खसाखसा खाजवत होते.

"काय झालं हो हाताला?" आत्याने गोळी देत विचारलं.

"काही नाही, धुळीचं असेल. तीन-चार दिवस झाले, जात नाही." काकांनी गोळी गालात सरकवली. "तुम्ही भट्टीच्या आत्या ना? पोरगी गुणी आहे. फक्त कागदापायी जीव खाल्ला माझा. दर आठवड्याला येते आणि तेच ऐकवते, काका, तुमचा कागद दोन दिवसही टिकत नाही! वरून हसते. मला लाज वाटायची हो. या खात्यात केस पांढरे केले, माझ्या मालाला कुणी नाव ठेवलं नाही."

"मग?"

"मग काय, या वेळी समिती येणार म्हणून तक्रारीला जागाच ठेवली नाही. ती रजेवर होती ना, पट्ट्या स्वतः कापल्या, नळ्या स्वतः भरल्या, वाफवून तयार ठेवल्या. आईसाठीही वेगळी मोठी बाटली भरली. आल्यावर नुसते जिवाणू सोडायचे तेवढं तिचं काम. कात्रीची धार पार गेली, पण म्हटलं जाऊ दे."

"कात्री जुनी होती?"

"छे, नवी कोरी!"

बाहेर आल्यावर भट्टीने आत्याचा दंड धरला. "ऐकलंस ना? नळ्या काकांनी भरल्या. आणि हात खाजतायत! आत्या, विष हाताळल्याशिवाय कुणाचे हात असे खाजतात का? देवमाणूस समजत होते मी त्यांना."

"आहेतच ते," आत्या म्हणाली. "हात खाजतात हे मात्र तू अगदी बरोबर हेरलंस. ते लक्षात ठेव."

आता उरला थंडोबा. त्याच्या थंड खोलीच्या दाराला आत्याने हात लावला आणि आतून कुणीतरी धाडकन कडी लावली.

४

"उघड रे," आत्या मोठ्याने म्हणाली, "नाहीतर मी बाहेर गाणं म्हणेन."

कडी निघाली. थंडोबा बर्फात वाढणाऱ्या जिवाणूंवर काम करी. उंच, किडकिडीत, नाकाचा शेंडा कायम लाल. अंगावर एकावर एक तीन स्वेटर आणि तरीही दात वाजत होते. भट्टीची आणि त्याची रोजची जुगलबंदी ठरलेली. तो म्हणे, तुझ्या खोलीत शिरणाऱ्याची बुद्धी वितळते. ती म्हणे, तुझी आधीच गोठलीय. आज मात्र तो तिच्याकडे बघायलाही तयार नव्हता.

"खोली बंद झाली तर जागा तुला मिळणार," भट्टी फणकारली. "खूश असशील."

"वेडी आहेस का? मला नकोय तुझी जागा." त्याला सटासट शिंका आल्या.

"तुझा कोट गेला म्हणे," आत्याने विषय बदलला. "कसा होता?"

"जाड, सुती, आत कापूस भरलेला. पितळी बटणं. आईने शिवून दिला होता. त्याच्याशिवाय या खोलीत पंधरा मिनिटं काढता येत नाहीत."

"आणि ठेवला कुठे होतास?"

"त्या... त्या खुंटीवर."

आत्याने खुंटीवरून बोट फिरवलं आणि बोटावर आलेली धुळीची पुटं त्याच्या नाकासमोर धरली. "या खुंटीवर कोट काय, कोळिष्टकंही टांगलेली नाहीत. खरं कुठे ठेवला होतास?"

थंडोबाचे कानही नाकाशी स्पर्धा करू लागले. "मला काम आहे," म्हणत त्याने बर्फाच्या पेटीत डोकं खुपसलं, ते वर काढलंच नाही.

व्हरांड्यात येताच भट्टी म्हणाली, "हाच! आत्या, हाच तो. खोटं बोलताना पकडलास तू त्याला." पण बोलताना तिचा आवाज चिरकला. तिला राग यायला हवा होता आणि वाईट वाटत होतं. रोज भांडायला हक्काचं असं माणूस तिला दुसरं कुणी नव्हतं.

आत्या खिडकीशी उभी राहून शांतपणे गोळी चघळत होती. "आग बघायला गेलं की नवशिके विचारतात, काय जळलं? मी विचारायचे, काय जळलं नाही? जे जळायलाच हवं होतं, ते शाबूत का? गोदामातल्या लाकडी फळ्या शाबूत असतील तर त्या लाकडाच्या नसतात. कळलं?"

"नाही."

"कळेल. दुपारच्या चहाला सगळ्यांना तुझ्या दारात बोलव. सोबत एक स्पिरिटचा दिवा, एक चिमटा आणि लांब दांड्याचा डाव घेऊन ये. आणि पोरी, रुमाल आण. नाकाला लावायला."

५

चहाचे कप हातात घेऊन सगळे गरम खोलीच्या दारात दाटीवाटीने उभे राहिले. मोठ्या बाई, बोटं खाजवणारे स्टोअरकाका आणि सर्वांत मागे, पळायची वाट मोकळी ठेवून, थंडोबा.

आत्याने एका नळीचं बूच काढायला लावलं. भट्टीने पट्टी बाहेर काढून गरम हवेत धरली, बघता बघता ती सुकली. आत्याने स्पिरिटचा दिवा पेटवला.

"कागद आहे ना हा?"

"हो," भट्टी म्हणाली.

"जाळ."

भट्टीने पट्टी ज्योतीवर धरली. सगळे वाट बघत राहिले. पट्टी काळी पडली नाही, धूर निघाला नाही, पेट घेतला नाही. ज्योतीच्या वर तिची कड नुसती तांबूस चमकली आणि बाजूला घेताच पुन्हा पांढरी झाली. भट्टीने दुसरी पट्टी धरली. तीही तशीच. तिने टेबलावरच्या जुन्या फिल्टर पेपरचा एक तुकडा धरला, तो भस्सकन पेटून बोटाला चटका देऊन गेला.

"काच!" भट्टी किंचाळली. "काचतंतूंचा फिल्टर आहे हा!"

"आहेच मुळी," स्टोअरकाका छाती काढून म्हणाले. "सगळ्यांत भारी माल. दिसायला कागदासारखाच, पण उकळा, आम्लात घाला, भिजत ठेवा, काही होत नाही. तुझा कागद टिकत नव्हता ना? म्हणून यंदा टिकाऊ दिला."

मग मोठ्या बाईंच्या हातातला कप बशीवर खडखडायला लागला, कारण त्या गदगदून हसत होत्या.

"काका," भट्टी कशीबशी म्हणाली, "तो टिकू नये यासाठीच तर माझी सगळी धडपड! टिकत नाही, टिकत नाही, ते मी आनंदाने सांगत होते तुम्हाला!"

काकांचा चेहरा पडला. "तसं एकदा तरी नीट सांगायचंस. मला कुणी सांगितलंच नाही वर काय चालतं ते."

हे खरं होतं. वर्षभर ती स्टोअरच्या खिडकीतून कागद घेऊन तशीच पळत होती. तिने काकांचे दोन्ही हात हातात घेतले.

"काचेची कुसळं आहेत ती," आत्या म्हणाली. "हाताला खाज त्यांच्यामुळेच सुटली आणि नव्या कोऱ्या कात्रीची धारही त्यांनीच घालवली. वाफवून, तापवूनसुद्धा पट्टीची कड जरासुद्धा फुलली नव्हती, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. तुझ्या लेकींना कुणी विष घातलं नाही गं. तू त्यांच्यापुढे काचेचं ताट मांडलंस, आणि त्या बिचाऱ्या उपाशीपोटी झोपल्यात."

"पण झोपल्यात की मेल्यात? आत्या, उद्या समिती आहे! आत्ता खरा कागद दिला तरी उठून खायला त्यांना दिवस लागतील. उद्या मी दाखवू काय?"

"त्याचं उत्तर थंडोबा देईल," आत्या म्हणाली. "बाळा, दोरी तूच बांधलीस ना?"

थंडोबाने मान खाली घातली. मग एका दमात सगळं ओकला. "थंड खोलीतून बाहेर आलं की कोट दमट होतो. कुठे वाळतच नाही. ही रजेवर गेली तेव्हा म्हटलं, एवढी गरम खोली आहे... मी रोज संध्याकाळी तिथे वाळत घालायचो आणि सकाळी काढायचो. एका सकाळी आलो तर कोट नाही. खाली बघितलं, आजूबाजूला बघितलं. गेलाच. कोट गेला एवढं सांगितलं, पण कुठून गेला ते सांगणार कुणाला? वर्षभर मी हिच्या खोलीची टिंगल करतोय. तिथेच कोट वाळत घालत होतो, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

"सगळीकडे बघितलंस. वर दोरी, आणि बरोबर खाली काय आहे, तेवढं बघितलं नाहीस."

सगळ्यांच्या नजरा पिंपाकडे वळल्या.

"आधी दिवा विझवा," भट्टी एकदम भानावर येत म्हणाली. "पिंपात पेट घेणारा वायू असतो." दिवा विझला. तिने झाकण पूर्ण सरकवलं, आणि असा वास आला की मोठ्या बाई तीन पावलं मागे गेल्या. पाणी पिवळंधमक होतं आणि त्यावर बुडबुडे फुटत होते. भट्टीने डाव आत घातला, तळाशी फिरवला, वर घेतला.

डावात पितळी बटणं होती. त्यांना लागून दोऱ्यांचं एक जाळं वर आलं. बाह्यांच्या शिवणी, खिशांचे चौकोन, गळ्याची गोलाई, सगळं जिथल्या तिथे, फक्त मधलं कापड आणि कापूस नाही. कुणीतरी हवेतच कोट शिवायला घेतल्यासारखा तो दोऱ्यांचा कोट डावावरून ठिबकत होता.

"माझा कोट!" थंडोबा ओरडला.

"खाल्ला!" भट्टी त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडली. "आजीने खाल्ला! कापूस होता ना तो? पॉलिस्टरचा दोरा तेवढा सोडला. अरे, जिवंत आहे माझी आजी, जिवंत आहे!" आणि तिने त्या दुर्गंधी डावासकट थंडोबाला मिठी मारली. दोघांच्याही अंगावरून पिवळं पाणी ओघळलं. एरवी नाक मुरडणारा थंडोबा चक्क हसत होता.

६

दुसऱ्या दिवशी समिती आली. अध्यक्षबाई सडपातळ, ताठ, गळ्याभोवती पांढराशुभ्र सुती रुमाल. खोलीतली उष्णता त्यांना बाधलेली दिसली नाही, उलट त्यांच्यामुळेच खोली जरा गार झाल्यासारखी वाटली.

भट्टीने काहीही लपवलं नाही. काचेच्या पट्ट्या दाखवल्या, चूक सांगितली, कोटाचा सांगाडा हँगरवर लटकवून पुढे केला. स्टोअरकाका पुढे होऊन म्हणाले, "कागद मी दिला, चूक माझी." थंडोबा म्हणाला, "कोट माझा. मी नियम मोडून इथे वाळत घातला होता. हवं तर माझं काम छाटा, हिचं नको."

अध्यक्षबाईंनी बटणं बोटांनी चाचपली. "गोष्ट छान आहे. पण बटणं आणि दोरे कुठूनही जमवता येतात. मी गोष्टी ऐकायला येत नाही."

त्यांनी गळ्यातला रुमाल सोडला. घडी केली. भट्टीच्या हातात दिला.

"हा टाका त्यात. झाकणावर माझ्या लाखेचा शिक्का राहील. दोन आठवड्यांनी मी येईन. रुमाल सापडला तर खोली बंद, नाही सापडला तर बघू."

पुढचे दिवस संस्थेत कुणाचं कामात लक्ष नव्हतं. भट्टीने आईला आणि लेकींना खरा कागद दिला. एका सकाळी एका नळीतलं पाणी किंचित पिवळं दिसलं, दुसऱ्या दिवशी बूच फुगलं, आणि हळूहळू सगळ्याच लेकी जाग्या होऊन कागदावर तुटून पडल्या. काका रोज वर येऊन बघायचे आणि खाली जाऊन येईल त्याला सांगायचे, "आमचा कागद हल्ली एक दिवससुद्धा टिकत नाही!" भट्टीचा जीव मात्र पिंपात अडकला होता. आजीने कोट खाल्ला हे खरं. पण रुमालाचं कापड दाट विणीचं होतं, त्यावर कसली खळ असेल, कसला रंग असेल, कोण जाणे. आणि शिक्क्यामुळे उघडून बघायची सोय नाही. थंडोबा स्वेटरांच्या थरांत तिच्याबरोबर पिंपाशी येऊन बसे आणि घामाने निथळत तिला धीर देई. आत्या दिवसाआड गोळ्यांची पुडी पाठवी.

ठरल्या दिवशी अध्यक्षबाई एकट्याच आल्या. शिक्का त्यांनी स्वतः फोडला. नाकाला काही न लावता झाकण उचललं, डाव घेतला आणि तळापासून ढवळायला सुरुवात केली. सगळे श्वास रोखून बघत होते. अर्थात वासामुळेही.

डाव वर आला. रिकामा. पुन्हा गेला, पुन्हा रिकामा. तिसऱ्यांदा अध्यक्षबाईंनी बाही सरसावली, पिंपाच्या कडाकडांनी डाव फिरवला आणि वर घेतला तेव्हा त्यात काठाचा लांबच लांब दोरा तेवढा वेटोळं करून पडला होता. त्यांनी तो चिमटीत धरून उजेडात बघितला. बराच वेळ बघितला.

"माझा आवडता रुमाल होता हो," त्या म्हणाल्या, आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना त्यांना हसू फुटलं. एकदा फुटलं ते थांबेना. मोठ्या बाई हसल्या, काका हसले, थंडोबाला हसता हसता शिंका आल्या.

अध्यक्षबाईंनी डोळे पुसले. "खोली चालू राहील. पण मला एक सांगा. फाटके कपडे, चिंध्या, कापडाच्या कारखान्यातलं उरलंसुरलं... माझ्या खात्याकडे याची गोदामंच्या गोदामं पडून आहेत. जाळता येत नाही, पुरता येत नाही. तुमच्या या आजीबाईंना किती भूक आहे?"

भट्टीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि साठ अंशांच्या त्या खोलीत तिने ते पुसायचीही तसदी घेतली नाही.

"आणा," ती म्हणाली. "सगळी गोदामं घेऊन या."